आयोडीन स्कॅन स्वच्छ, तरी थायरोग्लोब्युलिन 18: आता पेट-सीटी करावा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे ते इतर वाचकांनाही कळेल. तुमच्या आईंचे वय 54 आहे. दोन वर्षांपूर्वी पॅपिलरी प्रकारच्या कर्करोगासाठी त्यांची संपूर्ण थायरॉइड ग्रंथी आणि मानेतल्या काही लसिकाग्रंथी काढल्या आणि त्यानंतर उरलेल्या थायरॉइड पेशींसाठी 100 मिलिक्युरी (हे किरणोत्साराचे माप) किरणोत्सारी आयोडीन दिले. गेल्या वर्षी, थायरॉक्सिनची (ग्रंथी नसल्याने घ्यावी लागणाऱ्या थायरॉइड हार्मोनची) गोळी चालू असताना, थायरोग्लोब्युलिन, म्हणजे केवळ थायरॉइडच्या पेशी तयार करतात ते रक्तातले प्रथिन, मिलिलिटरमागे 1.8 नॅनोग्रॅम होते. या वेळी चार आठवडे गोळी बंद ठेवून सर्वांगाचा आयोडीन स्कॅन केला. टीएसएच (थायरॉइडच्या पेशींना चालना देणारे हार्मोन) 22 आला, थायरोग्लोब्युलिन 18 आले आणि शरीरात कुठेही आयोडीनचा असाधारण साठा दिसत नाही, असा स्कॅनचा अहवाल मिळाला. खोकला हटत नव्हता म्हणून स्कॅनच्या साधारण तीन आठवडे आधी छातीचा सीटी काढला आणि त्यात काही निघाले नाही, असेही तुम्ही जाता जाता लिहिले आहे. आता एक डॉक्टर पेट-सीटी (साखरेसारखे किरणोत्सारी द्रव्य देऊन काढायचा स्कॅन) करा म्हणतात, दुसरे आयोडीनचा आणखी एक मोठा डोस घ्या म्हणतात, आणि रक्ताची तपासणी खोटी की स्कॅन खोटा, हा तुमचा प्रश्न आहे.

मी वीसेक वर्षे न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी द्रव्यांनी तपासणी आणि उपचार करण्याच्या शाखेत, काम करतो आहे आणि त्यातला मोठा वेळ थायरॉइडच्या रुग्णांबरोबर गेला आहे. तरीही आईंना मी तपासलेले नाही, त्यांचे स्कॅन पाहिलेले नाहीत आणि शस्त्रक्रियेच्या वेळचा बायॉप्सी अहवाल माझ्यासमोर नाही. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते त्यांच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावे म्हणून. त्यांच्या निर्णयाच्या जागी ते ठेवू नका.

मला वाटते, पेट करावा की नाही हा इथला पहिला प्रश्न नाही. झालेला आयोडीन स्कॅन ग्राह्य धरता येतो का, हा पहिला प्रश्न आहे, आणि तुम्ही जाता जाता लिहिलेले सीटीचे ते वाक्य त्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे.

आयोडीन स्कॅन हा कर्करोगाचा फोटो नव्हे. थायरॉइडच्या पेशींवर आयोडाइड आत ओढून घेणारे एक प्रथिन असते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून येणारा टीएसएच ते काम करण्यासाठी पेशींना हाकत असतो. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर कर्करोगाच्या पेशी मूळ ग्रंथीचा हा गुण बहुधा पूर्ण विसरत नाहीत, मात्र निरोगी पेशींच्या मानाने त्यांची ओढ पुष्कळ कमी असते. 1946 मध्ये न्यू यॉर्कच्या सॅम्युएल सायडलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला रुग्ण याचे टोकाचे उदाहरण होता: ग्रंथी कित्येक वर्षांपूर्वी काढलेली असूनही त्याला थायरॉइडचे हार्मोन वाढल्याची लक्षणे होती, कारण शरीरभर पसरलेल्या गाठीच हार्मोन तयार करत होत्या. त्या गाठींनी किरणोत्सारी आयोडीन शोषले आणि त्याचा त्यांच्यावर परिणाम झाला. इतक्या कर्तबगार गाठी क्वचितच पाहायला मिळतात. नेहमीच्या रुग्णात आयोडीन घेण्याची ओढ कमी असते आणि ती जागी करण्यासाठी आपल्याला दोन गोष्टी कराव्या लागतात: टीएसएच वाढवायचा आणि शरीरातले साधे आयोडीन कमी करायचे. यांपैकी एकही गोष्ट नीट झाली नाही, तर भुकेची परीक्षा भरल्या पोटी घेतल्यासारखे होते.

सीटीपासून सुरुवात करतो. छातीचा सीटी दोन प्रकारे निघतो, शिरेतून औषध देऊन किंवा न देता. लोक ज्याला 'डाय' म्हणतात ते हे कॉन्ट्रास्ट औषध मुळात आयोडीनचेच असते. एका सीटीला साधारण 80 मिलिलिटर औषध लागले आणि दर मिलिलिटरमध्ये 300 मिलिग्रॅम आयोडीन असले, तर 24 ग्रॅम आयोडीन शिरेतून गेले. माणसाची रोजची गरज 150 मायक्रोग्रॅम असते, म्हणजे एका इंजेक्शनमध्ये चारशेहून अधिक वर्षांची बेगमी झाली. यातले बहुतेक आयोडीन रेणूत घट्ट बांधलेले असते आणि मूत्रपिंडे ठीक असतील तर एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जाते, परंतु जो अगदी लहान अंश सुटा होतो तोही आपल्या तपासणीच्या मानाने पुष्कळ असतो. गाठीला मिळणारे आयोडीन अशा वेळी जवळजवळ सगळे साधेच असते. किरणोत्सारी आयोडीनचे मोजके कण त्या गर्दीत हरवून जातात आणि कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून कॉन्ट्रास्ट सीटीनंतर आम्ही सहा ते आठ आठवडे थांबतो आणि घाई असेल तर लघवीतले आयोडीन मोजून ठरवतो. आईंच्या सीटीच्या अहवालात तपासणीची पद्धत लिहिलेली असेल. ती तिथे नसेल तर बिलात कॉन्ट्रास्टचा खर्च लावला आहे का ते पाहा. सीटी साधा असेल तर ही शंका पूर्ण मिटली. कॉन्ट्रास्ट दिले असेल तर स्कॅनच्या स्वच्छ असण्याला माझ्या लेखी फारसा अर्थ उरत नाही.

खोकल्याचा उल्लेख आहे म्हणून आणखी एक विचारतो: त्या काळात पोव्हिडोन-आयोडीनच्या गुळण्या चालू होत्या का? घसा खवखवला की घरोघरी ती तपकिरी बाटली निघते आणि ते औषध आहे हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. हृदयाची लय सांभाळण्यासाठी दिले जाणारे अमिओडारोन हे औषधही असेच आयोडीनने भरलेले असते आणि त्याचा परिणाम तर कित्येक महिने टिकतो.

आहाराबद्दल थोडक्यात. एक ते दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ, समुद्राचे मासे, सुकट, बोंबील, अंड्याचा बलक, दूधदुभते आणि बेकरीचे पदार्थ टाळायला सांगतात. घरचे मीठ बदलले तरी लोणचे, पापड, फरसाण आणि बाहेरून आणलेली चटणी यांतले मीठ तेच राहते, आणि पथ्य मोडते ते बहुधा इथेच. पण कॉन्ट्रास्टच्या तुलनेत ही चूक किरकोळ आहे. चुकून एक दिवस बोंबील खाल्ले म्हणून स्कॅन वाया जात नाही.

आता टीएसएच. आयोडीन देण्याआधी तो 30 च्या वर असावा असा सर्वमान्य संकेत आहे आणि तुमच्या आईंचा 22 होता. 30 ही काही लक्ष्मणरेषा नाही, 26 किंवा 28 आला तर मी बाकीची परिस्थिती पाहून पुढे जातो. पण ग्रंथी पूर्ण काढलेल्या बाईचा टीएसएच चार आठवड्यांनी केवळ 22 असेल तर मी थांबून कारण शोधतो. कधी कार्यक्षम थायरॉइड पेशी कुठेतरी शिल्लक असतात. कधी वयामुळे पीयूष ग्रंथी संथ चालते. आणि कधी गोळी खरोखर बंद झालेलीच नसते. माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकेने सुनेला बाहेर पाठवून मला सांगितले होते की तिसऱ्या आठवड्यात चेहरा सुजला, जिना चढवेना, म्हणून त्या एक दिवसाआड अर्धी गोळी घेत होत्या. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण चार आठवडे थायरॉक्सिनशिवाय काढणे हे खरोखर कठीण आहे आणि तसे आम्ही आधी पुरेसे स्पष्ट सांगितले नव्हते. गोळी चालू ठेवून टीएसएच वाढवण्यासाठी कृत्रिम टीएसएचची दोन इंजेक्शने लागोपाठ दोन दिवस देण्याचा मार्ग आहे, परंतु ती महाग असल्याने आपल्याकडे सर्वांना परवडत नाहीत. आईंना एकदा एकांतात आणि रागावल्याशिवाय विचारा.

थायरोग्लोब्युलिनच्या आकड्यांकडे येतो, कारण तुमची झोप त्यानेच उडालेली दिसते. 1.8 वरून 18 म्हणजे वर्षभरात दहापट वाढ, असा हिशेब तुम्ही केला आहे. तो स्वाभाविक असला तरी बरोबर नाही. पहिला आकडा गोळी चालू असतानाचा, म्हणजे टीएसएच दाबलेला असतानाचा आहे. दुसरा गोळी बंद करून टीएसएच वाढवल्यानंतरचा आहे. टीएसएच वाढला की त्याच पेशी, तितक्याच संख्येने असूनही, पाच ते दहापट थायरोग्लोब्युलिन सोडू शकतात. म्हणजे आजार वर्षभर जागच्या जागी असूनही हे दोन्ही आकडे मिळू शकतात. तुलना करायची तर दोन्ही वेळा गोळी चालू किंवा दोन्ही वेळा बंद, आणि शक्यतो प्रयोगशाळा तीच, कारण वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. त्याबरोबर थायरोग्लोब्युलिनविरोधी प्रतिपिंडे तपासली होती का तेही पाहा. साधारण पाचपैकी एका रुग्णात ती असतात आणि तसे असेल तर थायरोग्लोब्युलिनचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो.

तरीही तुम्हाला खोटा धीर देणार नाही. ग्रंथी काढली, आयोडीन दिले आणि त्यानंतर गोळी चालू असताना थायरोग्लोब्युलिन 1 च्या वर किंवा गोळी बंद असताना 10 च्या वर असेल, तर थायरॉइडच्या पेशी कुठेतरी शिल्लक आहेत असे आम्ही धरून चालतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की रक्ताची तपासणी बहुधा खरे सांगते आहे आणि स्कॅनने उत्तर द्यायचे नाकारले आहे. आकडा वाढलेला पण चित्रात काही नाही, या अवस्थेबद्दल अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या 2015 च्या मार्गदर्शिकेत दिलेली माहिती मी रुग्णांना नेहमी सांगतो: अशा रुग्णांपैकी निदान 30 टक्क्यांत पुढे कोणताही नवा उपचार न करता आजाराचा मागमूस राहत नाही, साधारण 20 टक्क्यांत पुढे दिसण्याजोगी गाठ उद्भवते आणि या आजाराने मृत्यू येण्याचे प्रमाण 1 टक्क्याहून कमी आहे. म्हणजे काही आठवडे थांबून नीट तपासणी करायला वेळ आहे.

समजा, सीटी साधा होता, आईंनी गोळी खरोखर बंद केली होती, पथ्य पाळले होते, आणि तरीही स्कॅन स्वच्छ आहे. मग काय? एक शक्यता अशी की पेशींचे पुंजके इतके लहान आहेत की दोन ते पाच मिलिक्युरीच्या तपासणी-डोसात ते कॅमेऱ्याच्या नजरेत येत नाहीत. उपचाराच्या 100 मिलिक्युरीनंतर काही दिवसांनी काढलेल्या स्कॅनमध्ये हेच पुंजके कधीकधी उमटतात. दुसरी शक्यता अशी की पेशींनी आयोडीन घेणे सोडून दिले आहे. कर्करोगाच्या पेशी मूळ ग्रंथीपासून जितक्या दुरावतात, तितकी त्यांची आयोडीनची ओढ कमी होते आणि बऱ्याचदा साखरेची ओढ वाढते. पेट-सीटीचे महत्त्व इथे आहे. त्यात दिले जाणारे एफडीजी हे किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले ग्लुकोजसारखे द्रव्य असते, म्हणून आयोडीन स्कॅनला न दिसणारी गाठ तिथे उजळू शकते. आयोडीन स्कॅन नकारात्मक आणि उत्तेजित (टीएसएच वाढवून मोजलेले) थायरोग्लोब्युलिन 10 च्या वर, ही पेट-सीटीची मान्य स्थिती आहे आणि तुमच्या आई आकड्याने तिच्यात बसतात.

मात्र पेट महाग आहे म्हणून तो अधिक खोलवर पाहतो असे नाही. त्याचा प्रश्नच वेगळा आहे. आयोडीन स्कॅनमध्ये गाठ दिसली तर तिच्यावर आयोडीनचा उपचार होऊ शकतो हेही त्याच चित्रात कळते. पेटमध्ये गाठ दिसली तर ती कुठे आहे आणि किती आक्रमक असू शकते याचा अंदाज येतो, आणि साखरेची ओढ जितकी जास्त तितका आयोडीनचा उपयोग होण्याचा संभव सहसा कमी. शिवाय जास्त साखर ओढणाऱ्या सगळ्याच गोष्टी पेट दाखवतो. क्षयरोगाच्या जुन्या गाठी, दाताच्या संसर्गामुळे सुजलेली मानेतली ग्रंथी, थंडीत आखडलेले स्नायू, सगळे उजळते. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर एका बाजूची स्वरयंत्राची नस दुखावलेली असेल, तर चांगली असलेली दुसरी स्वरतंतू एकटीच काम करते आणि पेटवर ती एखाद्या गाठीसारखी चमकते. ही फसगत ठाऊक नसलेल्या, स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरच्या हातून निरोगी बाजूलाच संशयित ठरवले जाते. शस्त्रक्रियेनंतर आईंचा आवाज बसला असेल तर पेटच्या आधी ते तिथल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आयोडीन स्कॅनही फसवतो, आणि मीही फसलो आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका रुग्णाच्या उजव्या मांडीत ठळक ठिपका पाहून मी हाडात आजार पसरल्याचा अहवाल जवळजवळ लिहून काढला होता. आमच्या तंत्रज्ञाने त्यांना कपडे बदलून पुन्हा झोपवले आणि ठिपका गायब झाला: खिशात रुमाल होता आणि लाळेतले आयोडीन त्याला लागले होते. लाळग्रंथी, जठर, आतडी, मूत्राशय ही आयोडीनची नेहमीची ठिकाणे आहेत, आणि आता स्पेक्ट-सीटीमुळे, म्हणजे आयोडीनचे त्रिमितीय चित्र सीटीवर बसवणाऱ्या स्कॅनमुळे, ठिपका नेमका कुठे आहे हे पुष्कळ खात्रीने सांगता येते. त्या तंत्रज्ञाचे उपकार मी अजून मानतो.

या दोन्ही स्कॅनच्या आधी एक साधी तपासणी आहे आणि तुमच्या लिहिण्यात तिचा उल्लेखच नाही: मानेची सोनोग्राफी. पॅपिलरी कर्करोग राहिला किंवा परतला तर तो सर्वाधिक वेळा मानेतल्या लसिकाग्रंथींत असतो, आणि तिथे अनुभवी हाताची सोनोग्राफी पेटच्या तोडीस तोड, लहान गाठींसाठी त्याहून सरस ठरते. संशयित गाठ दिसली तर सुईने पेशी काढता येतात आणि सुई धुतलेल्या द्रवात थायरोग्लोब्युलिन मोजले की बहुधा निकाल लागतो. हे मी करतो त्या कामाच्या बाहेरचे आहे, तरी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक अशा रुग्णाला मी आधी तिकडे पाठवतो.

दुसऱ्या डॉक्टरांनी सुचवलेला आयोडीनचा मोठा डोस, म्हणजे गाठ न दिसताही अंदाजाने दिलेला उपचार. पूर्वी हे आम्ही बरेच करत असू आणि त्यानंतरच्या स्कॅनमध्ये काही रुग्णांत आजार दिसायचाही. आज मी तो सगळ्यांत शेवटी ठेवतो. लाळग्रंथींवर परिणाम होतो, तोंड कोरडे पडते, आणि 30 मिलिक्युरीपेक्षा मोठा डोस असल्याने स्वतंत्र खोलीत दाखल राहावे लागते. शरीरात कॉन्ट्रास्टचे आयोडीन शिल्लक असताना हा डोस दिला तर त्याचा बराचसा भाग नुसता मूत्राशयातून वाहून जाईल, आणि आईंची एक संधी वाया जाईल. कधी द्यायचाच झाला तर पूर्ण तयारीनिशी एकदा द्यावा. त्यानंतरच्या स्कॅनमध्येही काही दिसले नाही तर पुन्हा देऊ नये.

आई माझ्याकडे आल्या असत्या तर मी काय केले असते ते सांगतो. गोळी पुन्हा सुरू झालेली नसेल तर आजच सुरू करायला सांगितले असते. केवळ पेटसाठी त्यांना पुन्हा चार आठवडे गोळीविना ठेवले नसते. वाढलेल्या टीएसएचने पेटची नजर थोडी सुधारते हे खरे, पण त्या थोड्यासाठी इतका त्रास मला पटत नाही. मानेची सोनोग्राफी याच आठवड्यात. प्रतिपिंडांची तपासणी झालेली नसेल तर तीही. सोनोग्राफीत गाठ सापडली तर पुढचा रस्ता शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे जातो आणि पेट त्यांच्या सल्ल्याने. मानेत काही नसेल तर पेट-सीटी, आणि त्यासोबत श्वास रोखून काढलेला छातीचा साधा सीटी, कारण पेटबरोबर चालत्या श्वासावर काढलेल्या सीटीत फुप्फुसातले बारीक ठिपके निसटतात. अलीकडच्या सीटीत फुप्फुसे स्वच्छ असल्याने तोच नीट वाचून घेता आला तर नवा टाळताही येईल. दोन्हींत काही निघाले नाही, तर गोळी चालू ठेवून तीन ते सहा महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत थायरोग्लोब्युलिन, आणि तिथून पुढे आकडा किती वेगाने चढतो यावर लक्ष. वर्षाच्या आत तो दुप्पट होत असेल तर मी अस्वस्थ होतो. एका पातळीवर रेंगाळत असेल तर वाट पाहतो. आयोडीन स्कॅन पुन्हा करायचा की नाही ते सीटीत कॉन्ट्रास्ट होते का यावर ठरवले असते, आणि होते असे कळले तर दोन महिन्यांच्या आत तो केला नसता.

या उत्तरातली बरीच वाक्ये 'जर' शब्दाने अडली आहेत याची मला कल्पना आहे, आणि त्यातली निम्मी अडचण तुम्ही आज संध्याकाळी घरीच सोडवू शकता. सीटीचा अहवाल आणि बिल, पहिल्या उपचारानंतरचा स्कॅन, बायॉप्सीचा मूळ अहवाल आणि थायरोग्लोब्युलिनचे आजवरचे सगळे आकडे, प्रत्येकापुढे गोळी चालू होती की बंद आणि त्या दिवशीचा टीएसएच किती होता हे लिहून, एका फायलीत घाला आणि पेटची तारीख घेण्यापूर्वी ती फाइल डॉक्टरांसमोर ठेवा.